माणसं मिळतात हो, पारखायला वेळ कोण देतंय?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

"चांगली माणसं मिळत नाहीत हो" हे वाक्य मी गेली 22 वर्षं ऐकतेय. भोसरीत ऐकलं, चाकणला ऐकलं, रांजणगाव, शिरवळ, कोल्हापूरच्या शिरोलीत ऐकलं, आणि आता तुमच्या पेपरात उद्योजकांच्या तोंडून परत वाचलं म्हणून लिहायला बसले. माझा व्यवसायच तो आहे, कंपन्यांना वरच्या जागेवरची माणसं शोधून द्यायची, प्लांट हेड, ऑपरेशन्सचा जीएम, फायनान्स हेड, कधीतरी सीईओ. त्याआधी आठ वर्षं भोसरीतल्याच एका कारखान्यात पर्सोनेलला, म्हणजे आजच्या एचआरला, नोकरी केली, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्यात. आणि मला मनापासून वाटतं की माणसं मिळतात. ती ओळखायला जो वेळ लागतो तो मालक देत नाहीत, आणि खरं सांगायचं तर आमच्या धंद्यातले बरेच जणही देत नाहीत.

हे कसं चालतं ते आधी सांगते कारण बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. सोमवारी फोन येतो, मॅडम प्लांट हेडने राजीनामा टाकलाय, गुरुवारपर्यंत दहा सीव्ही पाठवा. गुरुवार का तर आमच्याकडे भोसरी-चाकणला एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, शॉप म्हणजे कारखाना बंद, मालक मोकळे, म्हणजे एका दिवसात इंटरव्ह्यू उरकता येतात. हाच फोन त्याच सकाळी अजून सात-आठ कन्सल्टंटना गेलेला असतो. पैसे कोणाला, तर ज्याचा माणूस जॉइन होईल त्याला, आणि किती तर साधारण वर्षाच्या पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार. 36 लाखाचा माणूस असेल तर तीन लाख, वर 18 टक्के जीएसटी. आणि एकच सीव्ही दोघांकडून गेला तर ज्याचा मेल आधी पोचला त्याचा हक्क. आता तुम्हीच सांगा, मेल आधी पोचवण्यावर पैसे असतील तर कॅंडिडेटशी दोन तास बसून कोण बोलणार? पोर्टलवर शोधायचं, कंपनीचं नाव मोठं दिसलं की उचलायचं, कधी कधी त्या बिचाऱ्याला न विचारताच सीव्ही पुढे ढकलायचा. मी हे चुकीचं आहे म्हणून 2011 च्या सुमारास बंद केलं, त्याने माझं काम निम्म्यावर आलं होतं, दोन वर्षं ऑफिसचं भाडं द्यायची ओढाताण झाली, पण परत त्या वाटेला गेले नाही.

दुसरी पद्धत आहे रिटेनरची. मुंबईतल्या मोठ्या सर्च फर्म तसंच काम करतात, वर्षाच्या पगाराचा साधारण एक तृतीयांश, तीन हप्त्यात, काम सुरू करताना, शॉर्टलिस्ट दिल्यावर आणि माणूस जॉइन झाल्यावर. आमच्या मालकांना हे ऐकलं की घाम फुटतो, माणूस दिसायच्या आधी पैसे कसले म्हणतात. मी त्यांना सांगते, साहेब नवीन पार्ट डेव्हलप करताना टूलिंगचा, म्हणजे साचे-डाय बनवायचा, अ‍ॅडव्हान्स तुम्ही मागताच ना कस्टमरकडे, पहिलं सॅम्पल निघायच्या आधी? मग? काहींना पटतं. मी मोठ्या फर्मएवढे घेत नाही, पण पहिला हप्ता आधी घेते आणि मग एका वेळी तीनपेक्षा जास्त कामं हातात धरत नाही.

आता पारखण्याचं. आपल्याकडे इंटरव्ह्यू म्हणजे हायवेवरच्या हॉटेलच्या लॉबीत कॉफी, मालक, त्यांचा मुलगा, सीए, आणि समोर टाय लावलेला माणूस लॅपटॉप उघडून बसलेला. चाळीस मिनिटं गप्पा होतात, कुठले तुम्ही, अच्छा कराडचे का, मग अमक्यांना ओळखत असाल, आणि निघताना मालक मला बाजूला घेऊन म्हणतात, मॅडम माणूस चांगला वाटला. वाटला! दोनशे माणसांचा कारखाना हातात द्यायचा आणि तो "वाटण्यावर"?

मी एक गोष्ट करते आणि ती करू द्या म्हणून प्रत्येक क्लायंटकडे हट्ट धरते. शेवटच्या दोघा-तिघांना प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर फिरवायचं. चालू शिफ्टला, सुट्टीच्या दिवशी नाही. एका फाउंड्रीसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यासाठी, असं केलं होतं ते सांगते. दोन कॅंडिडेट, एक खूप मोठ्या मल्टिनॅशनलमधला, इंग्रजी एकदम फर्डं, प्रेझेंटेशन बघत राहावं असं. दुसरा किर्लोस्करवाडीच्या बाजूचा, डिप्लोमा करून मग पार्ट टाइम बीई केलेला, 47 वय, बोलायला जरा संकोची. पहिले साहेब मालकाच्या बरोबरीने मधल्या गँगवेतून चालत गेले, चांगले प्रश्न विचारले, लेआउट बदलला पाहिजे म्हणाले, चुकीचं काही बोलले नाहीत. दुसरा माणूस फेटलिंगजवळ, म्हणजे ओतलेले पार्ट घासून साफ करतात तिथे, थांबला. लाल बिनमध्ये रिजेक्ट कास्टिंग पडली होती त्यातली एक उचलली, खिशातून रुमाल काढून पुसली, उजेडाकडे धरली, ब्लो होलवर, म्हणजे ओतताना हवेने पडलेल्या भोकावर, अंगठा फिरवला, मग दुसरी उचलली, तिसरी उचलली, आणि तिथल्या मुलाला विचारलं दादा सगळी होल याच बाजूला का येतायत, सकाळपासून की जेवणानंतर? तो मुलगा म्हणाला, जेवणानंतरच साहेब, सकाळी ठीक असतं. मग दोघं सँड प्लांटकडे, साच्यांची वाळू तयार होते तिकडे, चालत गेले आणि आम्ही मागे उभे. मालकांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. तो माणूस आज अकरा वर्षं तिथे आहे.

म्हणजे मोठ्या कंपनीतला माणूस वाईट असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, कृपा करून तसं वाचू नका. पण मोठ्या कंपनीत त्याच्या मागे क्वालिटीचं, मेंटेनन्सचं, परचेसचं वेगळं डिपार्टमेंट असतं, एसएपीचं सॉफ्टवेअर असतं, आयआर म्हणजे युनियन-कामगारांशी संबंध सांभाळणारा वेगळा माणूस असतो. त्या आधाराशिवाय तो काय करतो हे बघायला लागतं, आणि ते लॉबीत दिसत नाही.

प्रश्न विचारायचीही पद्धत आहे आणि ती काही गुपित नाही. 1998 साली श्मिट आणि हंटर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी माणसं निवडण्यावरचं 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून मांडलं, त्यात सरळ दिसलं की सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेला इंटरव्ह्यू गप्पांच्या इंटरव्ह्यूपेक्षा जास्त खरा अंदाज देतो, आणि नुसती अनुभवाची वर्षं फारच थोडं सांगतात. 2022 मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी ते आकडे परत तपासले, आकडे खाली आले पण ठरलेल्या प्रश्नांचा इंटरव्ह्यू उलट सगळ्यात वर गेला. आणि आपण काय बघतो, तर 25 वर्षांचा अनुभव आहे ना, झालं.

मी क्लायंटला एक कागद करून देते. पाच-सहा प्रश्न, सगळ्यांना तेच. "तुम्ही काय कराल" असं विचारायचंच नाही, त्याचं उत्तर कोणीही छान देतं. "तुम्ही काय केलंत" विचारायचं. कस्टमरची लाइन तुमच्या पार्टमुळे थांबली तो दिवस सांगा. किती वाजता फोन आला, तुम्ही कुठे होतात, पहिला फोन कोणाला केला, रात्री डिस्पॅच कसा काढला, दुसऱ्या दिवशी काय बदललं. ज्याने खरंच ते भोगलंय तो बारीकसारीक सांगतो, गाडीचा नंबर सुद्धा आठवतो काहींना, आणि ज्याने दुसऱ्याकडून ऐकलंय तो दोन मिनिटांत "टीमवर्क" वर येतो. पीपीएम, म्हणजे दहा लाख पार्टमागे खराब किती, ते किती होतं, कुठे आणलं, त्यात तुमचं स्वतःचं काय होतं आणि दुसऱ्या कोणाचं काय होतं. दुसऱ्याचं नाव घेऊन श्रेय देणारा माणूस मला आवडतो. आणि प्रत्येकाने आपापले मार्क आधी कागदावर लिहायचे, मग बोलायचं. नाहीतर मालक बोलले की सीए मान हलवतो आणि मुलगा गप्प बसतो.

रेफरन्सच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती मी इथे लिहिणार आहे कारण त्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. सात-आठ वर्षं झाली असतील. मशीन शॉपवाला क्लायंट, जुना, घरोबा असल्यासारखा. त्यांना ऑपरेशन्स हेड दिला. कॅंडिडेटने दिलेल्या तिन्ही रेफरन्सना फोन केले, तिघंही त्याच्या वरचे साहेब, तिघांनीही भरभरून सांगितलं. त्याच्या हाताखाली काम केलेल्या एकालाही मी फोन केला नाही. घाई होती, कस्टमर ऑडिट तोंडावर होतं. माणूस जॉइन झाला आणि चार महिन्यात तीन सुपरवायझर सोडून गेले, त्यातला एक 19 वर्षं तिथे होता, त्याला सगळ्यांसमोर शॉपवर उभं करून बोलला होता म्हणे. नंतर मी त्याच्या जुन्या कंपनीतल्या एका शिफ्ट इनचार्जला शोधून काढलं तर तो म्हणाला, ताई मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. ताई मला विचारलं असतंत तर! ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आमची 90 दिवसांची गॅरंटी संपलेली होती, तरी मी फी परत केली आणि दुसरा माणूस फुकट शोधून दिला, पण ते तीन सुपरवायझर काही परत आले नाहीत. तेव्हापासून वरचा एक, बरोबरीचा एक, हाताखालचे दोन आणि जमलं तर एखादा सप्लायर, एवढ्यांशी बोलल्याशिवाय मी ऑफर लेटरपर्यंत जाऊ देत नाही. फक्त एक पथ्य, सध्या जिथे नोकरी करतो तिथे त्याच्या परवानगीशिवाय एक फोन सुद्धा नाही. एमआयडीसीत दुपारी टपरीवर निघालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मालकाच्या केबिनमध्ये पोचते आणि माणसाची आहे ती नोकरी जाते. असं झालेलं मी बघितलंय.

वरच्या माणसाची निवड किती अवघड असते ते बघायचं तर टाटांच्या नवीन चेअरमनचं बघा. ऑगस्ट 2010 मध्ये पाच जणांची समिती नेमली, वर्षाहून जास्त शोध चालला, नोव्हेंबर 2011 मध्ये दिवंगत सायरस मिस्त्रींचं नाव जाहीर झालं, जे सुरुवातीला त्या समितीतच होते, मग जुन्या चेअरमनबरोबर एक वर्ष काम, डिसेंबर 2012 ला सूत्रं हातात, आणि 24 ऑक्टोबर 2016 ला त्यांना दूर केलं. चूक कोणाची यात मला पडायचं नाही, ते सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन झालं. इन्फोसिसने 2014 मध्ये पहिल्यांदा बाहेरचा सीईओ आणला, विशाल सिक्का, तीन वर्षांनी ऑगस्ट 2017 ला त्यांनी राजीनामा दिला, मग संस्थापकांपैकी एक नंदन नीलेकणी परत आले आणि त्यांनी पुढच्या माणसाचा शोध लावला, जानेवारी 2018 पासून सलील पारेख. यातलं मला जे दिसतं ते एवढंच की दोन्हीकडे नवीन माणूस हुशार होताच, पण आधीचे मोठे लोक आणि नवीन माणूस यांच्यात कोणी कुठपर्यंत बोलायचं हे जमलं नाही. आमच्याकडे अगदी तेच होतं, फक्त आकडे लहान असतात. सीईओ आणतात आणि दहा हजाराच्या वरचा चेक मालकच सही करतात. परचेसवाला नवीन साहेबांनी नाही म्हटलं की मागच्या दाराने थोरल्या साहेबांकडे जातो. अमेरिकेहून शिकून आलेला मुलगा एक सांगतो, वडील दुसरं सांगतात, आणि पाच महिन्यांनी "माणूस आपल्यात मिसळला नाही" म्हणून त्याला घरी पाठवतात.

त्या माणसाचं काय होतं हो? 48 वर्षांचा, सातारला 14 वर्षांची नोकरी सोडून आलेला, तीन महिन्यांचा नोटीस पिरियड काढलेला, जुन्या कंपनीची काउंटर ऑफर नाकारलेली, रावेतला फ्लॅटचा हप्ता सुरू, मुलगी बारावीला. पुढच्या इंटरव्ह्यूत प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, पाच महिन्यात का सोडलंत? आणि त्याने सभ्यपणे गप्प बसायचं. असे फोन मला रात्री येतात, मी घेते.

म्हणून क्लायंट सांभाळणं म्हणजे त्यांना नाही सुद्धा म्हणता येणं असं मी मानते. आमच्यातले बरेच जण दिवाळीला ड्रायफ्रूटचा बॉक्स पाठवतात, मालकाच्या वाढदिवसाला फोन करतात, मुलीच्या लग्नाला जातात, ते सगळं मीही करते आणि ते मनापासून करते, पण नातं त्यावर टिकत नाही. एका क्लायंटने मला सीईओ शोधायला सांगितलं होतं, प्रेस शॉप, साठ-सत्तर कोटींचा धंदा. मी दोन दिवस तिथे बसले, सगळ्यांशी बोलले आणि गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, साहेब तुम्हाला आत्ता सीईओ नकोय. तुमचा प्रॉडक्शनचा माणूस चांगला आहे, त्याला जीएम करा, पगार वाढवा, आणि परचेसच्या सह्या सोडा. एवढं केलं तर वर्षभराने बघू. ते चिडले. म्हणाले मॅडम तुम्ही माणूस शोधायचे पैसे घेता की मला शिकवायचे? मी चहा संपवला आणि निघाले, फी गेली. दीड वर्षाने त्यांचा फोन आला, मॅडम तुम्ही म्हणालात तसं केलं, आता फायनान्सला चांगला माणूस पाहिजे, तुम्हीच बघा. तेव्हापासून त्यांनी दुसऱ्या कोणाला फोन केलेला नाही.

अजून दोन गोष्टी आहेत ज्या आमच्या धंद्यात लेखी असल्या पाहिजेत. एक म्हणजे ज्या क्लायंटला माणूस दिला त्याच्याकडून निदान दोन वर्षं तरी माणूस उचलायचा नाही, आणि आपण दिलेला तर कधीच नाही. ऐकायला साधं वाटतं, पण एका दाराने माणूस बसवून दुसऱ्या दाराने काढणारे आहेत आणि मालकांचा आमच्यावरचा विश्वास त्यांनी घालवलाय. दुसरी गोष्ट, माणूस जॉइन झाल्यावर पहिले तीन महिने. तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी मी दोघांनाही वेगवेगळा फोन करते, जमलं तर जाऊन बसते. बहुतेक भांडणं पहिल्या साठ दिवसांत सुरू होतात आणि ती अगदी छोटी असतात, केबिन कुठली, ड्रायव्हर कोणाचा, वीकली मीटिंगला मालक बसणार की नाही. तेव्हाच कोणीतरी मधे बसून बोललं तर मिटतात.

आणि बायकांचं. प्लांटच्या वरच्या जागेसाठी मी बायकांची नावं पाठवते, मुद्दाम पाठवते. अजूनही विचारतात, मिस्टर काय करतात, त्यांची बदली झाली तर? मुलं केवढी आहेत? पुरुषाला बायकोच्या बदलीचं कोणी विचारलेलं मी 22 वर्षांत ऐकलं नाही. म्हणून माझ्या प्रश्नांच्या कागदावर वरच लिहिलेलं असतं की घरचं विचारायचं नाही, ना बाईला ना बुवाला. परवा क्वालिटी हेडच्या जागेसाठी एका मालकांनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले बरोबर आहे, माझ्या सुनेला पण हेच विचारलं होतं एका ठिकाणी. त्या मॅडम पहिल्या तारखेपासून जॉइन होतायत.

तुमच्या पेपरकडे एक मागणं आहे. तुमची रोजगाराची पुरवणी असते त्यात नेहमी नोकरी शोधणाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं, सीव्ही कसा करावा, इंटरव्ह्यू कसा द्यावा. इंटरव्ह्यू कसा घ्यावा यावर कोणीच लिहीत नाही. आपल्या जिल्ह्याजिल्ह्यातल्या एमआयडीसीत इतके छोटे मालक आहेत ज्यांनी लेथवर उभं राहून धंदा वाढवला, त्यांना मशीन आवाजावरून कळतं, माणूस कसा बघायचा हे मात्र त्यांना कधी कोणी शांतपणे बसून सांगितलेलं नाही. इंडस्ट्रीज असोसिएशनवाल्यांनी गुरुवारच्या सुट्टीला अर्ध्या दिवसाचा वर्ग ठेवला तर मी यायला तयार आहे, पैसे नकोत, माझा प्रश्नांचा कागद मी सगळ्यांना झेरॉक्स करून देईन. ज्यांना यायचंय त्यांनी फक्त एक करावं, आपल्या कारखान्यातल्या एका जुन्या सुपरवायझरला बरोबर घेऊन यावं.

आपली,
एक नियमित वाचक, चिंचवड

(नाव छापू नये ही विनंती, पत्रातल्या क्लायंट आणि कॅंडिडेटना कोणी ओळखू नये म्हणून.)